रसायन ज्याच्या हाती, त्याच्या भाषेत

बडोद्याच्या रसायन उद्योगाचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण सहसा कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापासून सुरुवात करतो. १९६५ साली तो सुरू झाला, १९६७ साली बाजव्याजवळच्या खत कारखान्यातून उत्पादन बाहेर पडू लागले, १९६९ साली आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीची स्थापना झाली आणि राजेरजवाड्यांचे बडोदे कारखान्यांचे बडोदे झाले, अशी ती मांडणी असते. थोडा अधिक वाचलेला माणूस १९०७ सालच्या अलेंबिक या रसायन कारखान्यापर्यंत मागे जातो. पण त्याहीपूर्वी, १८९० साली, या शहरात एक अशी शाळा उभी राहिली होती, जिथे रंगाऱ्याचे काम आणि त्या काळचे अगदी ताजे सेंद्रिय रसायनशास्त्र एकाच छताखाली आणि देशी भाषेत शिकवले जात होते. ती शाळा म्हणजे कलाभवन, आणि तिचा आराखडा आखणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. या माणसाने मांडलेला एक प्रश्न आपण अर्धवट सोडून दिला आहे आणि त्याची किंमत आजही बडोद्याच्या आसपासचे कामगार आणि शेतकरी मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तो प्रश्न असा: जे रसायन एखाद्याच्या हातून रोज जाते, त्याचे शास्त्र त्याला समजायला हवे की नको, आणि हवे असेल तर कोणत्या भाषेत?

गज्जरांचा जन्म १८६३ सालचा, सुरतेतल्या सुतारकाम करणाऱ्या समाजातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे बडोदा कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून आले. कारागिराच्या घरात जन्मलेला आणि विद्यापीठाच्या परीक्षांत चमकलेला माणूस त्या काळात बहुधा एकच वाट धरी: घरचा धंदा मागे टाकून सरकारी नोकरीत किंवा वकिलीत शिरण्याची. गज्जरांनी ती धरली नाही. हातात कसब असलेला वर्ग आणि पुस्तकी विद्या मिळवलेला वर्ग यांच्यातली भिंत त्यांनी स्वतःच्या घरातच पाहिली असणार. कारण पुढचे त्यांचे बहुतेक सारे काम ती भिंत पाडण्याचेच दिसते.

त्यांचे नाव आज जिथे कुठे निघते, तिथे मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी निघते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा एक संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला आणि १८७२ साली बसवलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या देणगीतून झाला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले आणि खेटरांची माळ घातली. ते डांबर दगडाला इजा न होता काढण्याचे काम पुढे १८९८ साली गज्जरांनी केले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा थेंब पडला तरी ते विरघळू लागते, आणि डांबरातले काळे सेंद्रिय पदार्थ तर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले, त्यामुळे काम खरोखरच अवघड होते. पुढे काळवंडलेले मोती पुन्हा उजळवण्याची रीत शोधून त्यांनी पैसाही चांगला मिळवला. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा आयोडीन टरक्लोराइडचे औषधही त्यांनी वापरून पाहिले. प्लेगवर हमखास उपचार मात्र प्रतिजैविके आल्यावरच मिळाले.

या हकिकती सुरस आहेत आणि म्हणूनच त्या टिकल्या. पण त्यांनी गज्जरांचे नुकसान केले आहे. डांबर काढणारा आणि मोती उजळवणारा जादूगार असे त्यांचे चित्र उभे राहिले आणि खऱ्या कामावर पडदा पडला. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव १९०१ साली कंपनी झालेल्या बेंगॉल केमिकलमुळे, त्यांच्या संशोधनामुळे आणि शिष्यांमुळे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आमच्याकडे मात्र कलाभवनावरून रोज जाणाऱ्या किती जणांना गज्जरांचे नाव सांगता येईल, याची मला खात्री नाही. कर्तृत्वाची मापे काढून दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की गज्जरांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची दहा वर्षे बडोद्यात गेली आणि बडोद्यानेच ती विसरून टाकली.

ती वर्षे समजून घ्यायची तर आधी युरोपात काय चालले होते ते पाहावे लागते. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला क्विनीन बनवण्याच्या खटाटोपात जांभळा रंग सापडला आणि दगडी कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याचे युग सुरू झाले. १८६८ साली ग्रेब आणि लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारिन हा तांबडा रंग कृत्रिम रीतीने तयार केला. त्याबरोबर वनस्पतींच्या मुळांपासून तांबडा रंग काढण्याचा हजारो वर्षांचा धंदा युरोपात कोसळला आणि आपल्याकडे मंजिष्ठ व आल या रंग देणाऱ्या वनस्पतींच्या लागवडीलाही त्याची झळ बसली. बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीच्या रेणूची रचना उलगडली आणि १८९७ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. कलाभवन उघडले ते नेमके या घडामोडींच्या मध्यावर. अभ्यासक्रमात सेंद्रिय रसायन घेणे ही तेव्हा हौसेची बाब नव्हती. सुरत, अहमदाबाद, बडोद्याच्या रंगाऱ्याची भाकरी जर्मनीतल्या प्रयोगशाळांत ठरू लागली होती आणि त्या प्रयोगशाळांत काय चालले आहे हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

रंगाऱ्याला रसायन येत नव्हते असे मात्र नाही. निळीचे पिंप घ्या. निळीचा रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसती नीळ पाण्यात कालवून कापड कधीच रंगत नाही. आपले रंगारी पिंपात चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून ते आंबवत. आंबवण्यात निळीचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होते, ती विरघळणाऱ्या रूपात येते, पाणी हिरवट पिवळे दिसू लागते आणि वर तांबूस झाक असलेला फेस धरतो. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढले की पिवळट हिरवे असते, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते, कारण हवेतला ऑक्सिजन तिला पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात नेतो आणि ती धाग्यातच अडकून बसते. रंगारी हे सारे वासावरून, फेसावरून आणि बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून ओळखत असे. कधी थांबायचे हे त्याला पक्के माहीत होते. का थांबायचे हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि जोवर रंग तोच होता तोवर ते सांगण्याची गरजही पडली नाही.

नवे रंग आले आणि तिथे गाडे अडले. मॅजेंटासारखा रंग लोकर आणि रेशीम यांच्यावर सहज बसतो, सुतावर बसत नाही. सुतावर तो धरायचा तर कापडाला आधी टॅनिन द्यावे लागते. टॅनिन तर रंगाऱ्याच्या घरच्या हिरड्यात भरलेले होते! पण डब्यावरची जर्मन किंवा इंग्रजी अक्षरे आणि कोठीतला हिरडा यांची गाठ घालून देणारा कोणी नसेल, तर स्वस्त डबा घेऊन तो पाण्यात कालवणे आणि पहिल्याच धुण्यात रंग सुटलेला पाहणे, एवढेच रंगाऱ्याच्या नशिबी येणार. गज्जरांनी ही गाठ घालून देण्याचे काम अंगावर घेतले. कलाभवनात रंगकामाचा आणि छपाईचा विभाग निघाला, त्यासाठी जर्मन अध्यापक आणले गेले आणि ‘रंगरहस्य’ नावाचे रंगविद्येचे नियतकालिक निघाले. सयाजीराव महाराजांनी शास्त्रीय विषयांवर देशी भाषांत पुस्तके तयार करण्यासाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती हे वेगळे सांगायला नको. त्यातून ‘ज्ञानमंजूषा’ मालेचे काम सुरू झाले आणि शास्त्रीय परिभाषेचा बहुभाषी कोश करण्याचा घाट गज्जरांनी घातला.

या योजनेतला एक धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देशी भाषेतले शिक्षण म्हणजे खालच्या दर्जाचे, कामचलाऊ शिक्षण, असे गज्जरांनी मानले नाही. शिक्षक जर्मनीतून, विषय जगाच्या आघाडीवरचा आणि भाषा विद्यार्थ्याची, अशी ही रचना होती. सर्वोत्तम ज्ञान आधी इंग्रजीतून निवडक लोकांना द्यायचे आणि मग ते झिरपत खाली जाईल याची वाट पाहायची, हा त्या काळचा सरकारी विचार होता. गज्जरांनी तो उलटा केला, आणि सयाजीरावांसारखा राजा पाठीशी असल्यामुळे निदान काही वर्षे तो उलटा करून चालवताही आला. याच राजाने १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला, हे लक्षात घेतले तर कलाभवन ही एकटीदुकटी लहर नव्हती हेही कळते. दादासाहेब फाळके येथेच छायाचित्रणाचे आणि छपाईचे तंत्र शिकले. मराठी माणसाला कलाभवनाचा अभिमान वाटतो तो बहुधा त्यांच्यामुळे. तो रास्त आहे, पण त्या वास्तूतल्या रंगकामाच्या प्रयोगशाळेचाही अभिमान आपण बाळगला पाहिजे.

मग हे सारे विरले कसे? १८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. पुढे गिरगावात त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली. अनंत श्रीधर कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन हे त्यांचे सहकारी आणि या तिघांच्या पुढाकाराने १९०७ साली बडोद्यात अलेंबिक केमिकल वर्क्स उभी राहिली. (कोटिभास्कर हे नाव बडोद्याच्या मराठी समाजात तरी घरोघर माहीत असायला हवे होते.) उद्योग उभा राहिला तो टिकला. शाळाही टिकली. ती पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली, तिने देशाला हजारो अभियंते दिले, त्याबद्दल वाद नाही. मागे पडला तो शाळेमागचा विचार. एका माणसाच्या जिद्दीवर आणि एका राजाच्या मर्जीवर उभी असलेली कल्पना, त्या माणसाने शहर सोडताच संस्थेच्या नेहमीच्या चाकोरीत शिरली. परिभाषेचे, पुस्तकांचे काम मंदावले. कलाभवनाचे विद्यार्थी कापड गिरण्यांत आणि रंगांच्या कंपन्यांत नोकरीला गेले, ते चांगलेच झाले, पण ज्या रंगाऱ्यासाठी हे मांडले होते तो रंगारी गिरण्यांच्या लाटेत धंद्यातूनच उठला. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ झाले आणि इंग्रजी माध्यम आले. तेव्हा हा बदल मोठा आहे असेही फारसे कोणाला वाटले नसावे, कारण मधल्या काळात मूळ हेतूच कोणाच्या ध्यानात राहिला नव्हता.

संशोधनात मात्र बडोदे मागे राहिले नाही. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात सुरेश सेठना यांच्यासारखे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. पेखमान अभिक्रिया या सेंद्रिय रसायनातल्या एका अभिक्रियेवर त्यांनी रागिणी फडके यांच्यासह १९५३ साली लिहिलेला विस्तृत लेख जगभरचे रसायनशास्त्रज्ञ अजूनही उद्धृत करतात. म्हणजे वरच्या मजल्यावरचा दिवा जळतच होता. अंधार राहिला तो तळमजल्यावर.

तो अंधार कसा आहे हे एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या परिचयातला एक तरुण, दांडिया बाजारात वाढलेला, आयटीआयमधून ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. तिथे रंगांसाठी लागणारी मधली रसायने तयार होतात, म्हणजे गज्जरांच्या विभागात शिकवत त्याच कुळातली. त्याच्याकडे नायट्रेशनचा, म्हणजे सेंद्रिय पदार्थावर नायट्रिक आम्लाची क्रिया घडवणारा, रिअ‍ॅक्टर होता. “काका, एजिटेटर बंद पडला तर अ‍ॅसिडचा वॉल्व्ह लगेच बंद करायचा आणि सुपरवायझरला बोलवायचं, एवढं सांगितलंय,” तो म्हणाला. एजिटेटर, म्हणजे आतले द्रव ढवळणारे यंत्र, परत सुरू का करायचे नाही, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, “ते सांगितलं नाही. पण बंद राहिला तर बॅच खराब होईल ना? मग परत चालू करायलाच पाहिजे.”

या एका उत्तरात सगळे आले. नायट्रेशनमध्ये मिश्र आम्ल (नायट्रिक आणि सल्फ्युरिक) आणि सेंद्रिय द्रव हे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांचे दोन थर होतात. ढवळणे चालू असते तोवर थोडे थोडे आम्ल आत जाते, तितकेच लागलीच वापरले जाते आणि निर्माण होणारी उष्णता भांड्याभोवतीच्या जॅकेटमधले थंड ब्राइन, म्हणजे मिठाचे पाणी, वाहून नेते. ढवळणे थांबले की थर वेगळे होतात, अभिक्रिया मंदावते, तापमान उतरते आणि समोरच्या माणसाला वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात वापरले न गेलेले आम्ल आत साचलेले असते. अशा वेळी एजिटेटर नुसता चालू केला तर ते सारे आम्ल एकदम भिडते, उष्णता जॅकेटच्या आवाक्याबाहेर जाते आणि काही मिनिटांत रिअ‍ॅक्टर फुटू शकतो. तापमान उतरलेले दिसते तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. हे वाक्य कोणत्याही सूचनाफलकावर मावण्याइतके लहान आहे, पण त्याचा अर्थ कळायला त्यामागचे रसायन कळावे लागते. त्या तरुणाला ते कळायला फार वेळ लागला नाही. पाण्यावर तेल टाकून, काडीने ढवळून, थर कसे होतात हे दाखवले आणि मराठीत समजावले, तेव्हा त्याने स्वतःच विचारले की मग साचलेले आम्ल काढायचे कसे. हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच शिक्षण. तो प्रश्न विचारण्याइतकी तयारी त्याची आधीपासून होती. कमी पडले ते विचारायला लावणारे शिक्षण.

कारखान्यांत प्रशिक्षण होतच नाही असे मी म्हणणार नाही. शिफ्टच्या आधी सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगितल्या जातात, गुजराती आणि हिंदीत फलक लावलेले असतात, चांगल्या कारखान्यांत सराव कवायतीही होतात. पण या सगळ्यात जे दिले जाते ते हुकूम असतात, कारणे नसतात. हे करा, ते करू नका, हेल्मेट घाला, अमुक झडप बंद करा. नेहमीच्या दिवशी हुकूम पुरतो. अपघात मात्र नेमका त्या दिवशी होतो, ज्या दिवसासाठी कोणीच हुकूम लिहून ठेवलेला नसतो, आणि त्या दिवशी माणसाच्या डोक्यात कारण असेल तरच तो वाचतो आणि इतरांनाही वाचवतो. रसायनाच्या पिंपाबरोबर येणारे सुरक्षा माहितीपत्रक पाहा. सोळा विभागांचे, बारीक अक्षरांतले, बहुधा इंग्रजीतले ते पत्रक कार्यालयातल्या फाइलमध्ये जाते. पिंप उघडणारा माणूस, आणि हा माणूस अनेकदा कंत्राटदाराचा, महिनाभरापूर्वी दाहोदहून, छोटा उदेपूरहून किंवा बिहारमधून आलेला असतो, तो ते कधी पाहत नाही.

कायद्याने हे पाहिले नव्हते असे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची आणि त्यांपासून होणाऱ्या आरोग्याच्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याची सक्ती मालकांवर आली आणि ती माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ च्या धोकादायक रसायनांबाबतच्या नियमांनी माहितीपत्रके आणि पिंपांवरच्या चिठ्ठ्या यांचीही तरतूद केली. पण माहिती दिली या शब्दाचा अर्थ आपण कागद दिला एवढाच घेतला. ज्याला कागद वाचता येत नाही किंवा वाचून कळत नाही त्याला माहिती दिली असे म्हणणे ही सार्वजनिक फसवणूक आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्यांत शिक्षणसंस्थाही येतात.

यावर नेहमीचे आक्षेप घेतले जातात. ते हलके नाहीत, म्हणून त्यांचा विचार नीट करायला हवा.

परिभाषेचा आक्षेप सर्वांत जुना. आपल्या भाषांत शब्द नाहीत, आणि जे बनवले आहेत ते इंग्रजीपेक्षा बोजड आहेत, असे म्हटले जाते. पहिले विधान आता खरे नाही. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे, गुजरातेत विद्यापीठ ग्रंथनिर्मिती बोर्डाची पुस्तके आहेत. दुसऱ्या विधानात तथ्य आहे. कामगार नायट्रेशन म्हणतो, रिअ‍ॅक्टर म्हणतो, बॅच म्हणतो, आणि ते शब्द त्याच्या तोंडी रुळलेले आहेत. ते काढून संस्कृत शब्द घालण्याचा हट्ट धरणारे लोक मातृभाषेतील विज्ञानाचे सर्वांत मोठे नुकसान करतात, असे मला वाटते. नामे जी आहेत ती राहू द्यावीत. कारण, परिणाम, ‘म्हणून’ आणि ‘तरच’ हे सारे त्याच्या भाषेत यावे, आणि रसायन कळते ते त्यांतून.

दुसरा आक्षेप पालकांचा: इंग्रजीवाचून मुलाला वर चढता येणार नाही. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. मात्र गज्जर स्वतः इंग्रजीतून शिकले, जर्मन अध्यापक त्यांनीच आणले. त्यांचा विरोध इंग्रजीला नव्हता, इंग्रजी येईपर्यंत शहाणपण थांबवून ठेवण्याला होता. गुजरातेत बारावीपर्यंत विज्ञान गुजरातीतून शिकता येते, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षाही गुजराती आणि मराठीत देता येते, आणि २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी आणि गुजरातीसह आठ भाषांत अभियांत्रिकी पदवीला परवानगी दिली आहे. म्हणजे शिडीच्या खालच्या आणि अगदी वरच्या पायऱ्यांवर विचार झाला. पदवीचा विद्यार्थी थोडी कुरकुर करत का होईना, इंग्रजी शिकून घेतो. आयटीआय आणि पदविकेच्या मधल्या पायऱ्यांवर उभा असलेला, ज्याच्या हाती प्रत्यक्ष झडप असते, त्याचा मात्र फारसा विचार झाला नाही. सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी होती.

तिसरा प्रश्न आपल्या, बडोदेकर मराठी माणसांच्या मनातला. मातृभाषा म्हणजे कोणाची? २०१८ साली ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले, तेव्हा सयाजीरावांच्या मराठीप्रेमाचे स्मरण आपण सर्वांनी केले, आणि ते करणे योग्यच होते. पण नंदेसरीत, मकरपुऱ्यात काम करणाऱ्यांची पहिली भाषा बहुधा गुजराती किंवा हिंदी आहे, राठवी बोलणारेही पुष्कळ आहेत. म्हणून येथे पहिले पुस्तक गुजरातीत आणि दुसरे हिंदीत यावे, मराठी तिसरी असावी, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यात मराठीचा कमीपणा नाही. उलट मराठीतले पुस्तक बडोद्यात लिहिले गेले तर त्याचा खरा वाचक तारापूरला, रोह्याला, महाडला, लोटे-परशुरामला आणि डोंबिवलीला आहे, जिथे याच अभिक्रिया, याच पद्धतीने, मराठी बोलणाऱ्या हातांनी चालतात. कोश बहुभाषी असावा असे गज्जरांना वाटत होते, आणि बडोदे संस्थानात मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा नांदत असल्यामुळे ते येथे सहज शक्यही होते.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही हाच प्रश्न आहे. बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५६ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून खंभातच्या आखाताकडे जाते. कालव्याकाठच्या गावांतून भूजल बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. शेतकऱ्याच्या हाती तपासणीचा अहवाल पडतो तेव्हा त्यात सीओडी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) असे आकडे असतात. विहिरीतल्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल, एवढाच सीओडीचा अर्थ आहे, आणि तो सांगायला दहा मिनिटे लागतात. तेवढे कोणी सांगितले नाही, तर आकडा चढला की उतरला हेही त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि तो दुसरा कोणाच्या बाजूचा आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

काय करता येईल? नवी संस्था काढण्याची गरज नाही. कलाभवनाची वारस असलेली तंत्रज्ञान विद्याशाखा आणि तिच्याशेजारचे पॉलिटेक्निक शहराच्या मध्यावर आहेत. संध्याकाळी तिथल्या प्रयोगशाळा ऑपरेटरांसाठी उघडाव्यात, आठवड्यातून दोनदा, शिफ्टच्या वेळा सांभाळून. शिकवायला प्राध्यापक असावेत तसेच पंचवीस-तीस वर्षे रिअ‍ॅक्टर चालवून निवृत्त झालेले जुने ऑपरेटरही असावेत, कारण फेसावरून आणि वासावरून ओळखण्याची विद्या आज त्यांच्यापाशी आहे आणि ती कोणी लिहून ठेवलेली नाही. खर्च उद्योजकांच्या संघटनांनी उचलावा. तो त्यांच्या विम्याच्या हप्त्यांपुढे नगण्य ठरेल. या वर्गाला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, ही अट सर्वांत आधी लिहून घ्यावी, नाहीतर वर्गात फक्त कायम नोकरीवालेच दिसतील.

आणि पुस्तके. नायट्रेशन, सल्फोनेशन, क्लोरिनेशन, हायड्रोजनेशन, डायझोटीकरण अशा, या पट्ट्यात रोज चालणाऱ्या अभिक्रियांवर एकेक लहान पुस्तिका, प्रत्येकी तीस-चाळीस पानांची. प्रत्येकीत अभिक्रिया काय आहे, उष्णता कुठून येते, काय बंद पडले तर आत काय घडते आणि मग कोणते पाऊल का उचलायचे, एवढेच असावे. पहिली पुस्तिका नायट्रेशनची काढावी. तिचा मसुदा छपाईला जाण्यापूर्वी नंदेसरीतल्या पाच-सहा ऑपरेटरांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांतल्या एकालाही जे वाक्य कळले नाही ते बदलावे.